आवडी, नागोबा आणि वारुळाची अळंबी

एक होती आवडी. नाव आवडी, पण गावात ती कुणाला फारशी आवडायची नाही. कारण काय, तर तिचा राग. सदा नाकाच्या शेंड्यावर. चूल पेटली नाही की चुलीवर राग, शेळी ओरडली की शेळीवर राग, आणि कुणीच काही केलं नाही तर का केलं नाही म्हणून राग. हसू नका. तुमच्या आजीलाही राग येतो, आणि त्या धाकटीने भावाच्या अंगावरचा पाय काढला नाही तर आत्ता येईल.

तर आवडीचं घर होतं रानाच्या कडेला. घरात ती आणि तिची सासू कोंडाबाई. नवरा बैल घेऊन खाली कोकणात मीठ आणायला गेलेला. मग भांडायला घरात उरल्या दोघी. सकाळी भांडायच्या, दुपारी दमायच्या, दिवेलागणीला पुन्हा सुरू. म्हातारी म्हणायची, "सूनबाई, चल माझ्याबरोबर रानात. अळंबी कशी ओळखायची ते शिकवते." आवडी म्हणायची, "मला नाही शिकायचं. तुम्ही शिकवता कमी आणि टोमणे मारता जास्त." झालं. शिकणं राहूनच गेलं.

आणि बरं का, अळंबी ओळखावी तर कोंडाबाईनेच. तिची नजर अधू झाली होती, पण बोटं शहाणी होती. वारुळावर अळंबी उगवली की ती बोटांनी माती सैल करायची आणि अळंबी अख्खी काढायची, अगदी मुळापासून. मूळ चाचपून बघायची, मगच टोपलीत टाकायची. मूळ बघितल्याशिवाय एकही अळंबी तिच्या टोपलीत गेली नव्हती. सगळं राज्य तिच्या हातची अळंबी डोळे मिटून खायचं.

मग एकदा काय झालं, आली नागपंचमी. त्या दिवशी राजाच्या घरी राणीचा भाऊ आला, बहिणीला माहेरी न्यायला. राजाला वाटलं, मेव्हण्याला आपल्या रानातली अळंबी खाऊ घालू, म्हणजे तो परत जाऊन चार लोकांत सांगेल. आणि हुकूम सुटला. अळंबी पाहिजे, आजच पाहिजे, आत्ताच्या आत्ता पाहिजे.

आता मला सांगा, नागपंचमीला जमीन उकरतात का? नाही उकरत. नांगर धरत नाहीत, खुरपं लावत नाहीत, विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत. जमिनीत नागोबा असतो, त्याला इजा होऊ नये म्हणून. हे शेंबड्या पोराला कळतं. त्या राजाला कळलं नाही. मुकुट घातला की खालचं डोकं चालत नाही की काय, कोण जाणे. मला तर ही गोष्ट सांगताना दरवेळी त्याचा राग येतो.

शिपाई टोपली घेऊन कोंडाबाईच्या दारात आला. आवडी तेव्हा ओढ्यावर धुणं धूत होती. म्हातारीने सांगून पाहिलं, आज पंचमी आहे, उद्या या. शिपाई ऐकेना. मग म्हातारी करणार काय? ती रानात गेली. वारुळाला हात जोडले. माती उकरायची नाही, म्हणून अळंब्या वरच्यावरच मोडून घेतल्या. बुडखे राहिले जमिनीत. टोपली भरेना आणि शिपाई मागे उभा राहून घाई करतोय. मग वारुळाच्या बाजूला करवंदीची जाळी होती, तिच्याखाली पांढरं पांढरं दिसलं, तेही मोडून टोपलीत टाकलं. अधू नजर, वर शिपायाची घाई, आणि बोटांना बघायला मूळच नाही.

राजवाड्यातही पंचमीच. चिरायचं नाही, म्हणून अळंब्या अख्ख्याच उकडल्या. आचाऱ्याने पातेल्यात चांदीची वाटी सोडून पाहिली. वाटी काळी पडली नाही, म्हणजे सगळं ठीक, असं त्याचं शहाणपण. चांदीला काय कळतं अळंबीतलं? चांदी आपली चांदी.

पानं वाढली. मेव्हण्याने अळंबीकडे बघून नाक मुरडलं. म्हणाला, "आम्ही असलं जमिनीवरचं काहीबाही खात नाही." राणीला आला राग. माझ्या सासरच्या अन्नाला नावं ठेवतो काय, म्हणून तिने भावाच्या समोर अळंबीचं वाडगं एकटीने संपवलं. राजा पुरणाच्या दिंडांवर तुटून पडला होता, त्याने अळंबीला हातही लावला नाही.

रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताना राणीच्या पोटात कळ आली. मग ओकाऱ्या, मग अंग गार, मग डोळे मिटले ते उघडेचनात. वैद्य आले. म्हणाले, विष आहे खरं, पण कशाचं ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय उतारा देता येत नाही.

राजाने विचार केला नाही, चौकशी केली नाही. म्हणाला, "त्या म्हातारीने राणीला विष घातलं. धरून आणा तिला. दिवस मावळायच्या आत राणीने डोळे उघडले नाहीत, तर तिचा कडेलोट करा." म्हणजे काय, माहीत आहे ना? उंच कड्यावर न्यायचं आणि खाली ढकलून द्यायचं. कोंडाबाईला. जिच्या गुडघ्यांना घराचा उंबरा चढवत नव्हता, तिला.

शिपाई म्हातारीला घेऊन गेले. आवडीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती अंगणात उभी राहून ओरडली, "माझ्या सासूला बोलायचं तर मी बोलेन. तुम्ही कोण लागून गेलात?" पण ऐकायला शेळीशिवाय कुणी नव्हतं. मग तिने विचार केला. राग आला की लोकांचं डोकं बंद पडतं, आवडीचं मात्र चालायला लागायचं. ती म्हणाली, आत्याबाई विष घालणार नाहीत. काहीतरी चुकीचं टोपलीत गेलंय. आणि काल उकरलं नाही, म्हणजे जे चुकलं त्याचा बुडखा अजून जमिनीतच आहे. ज्याने राणीला विष बाधलं ते काय होतं, हे त्या मातीलाच माहीत.

तिने खुरपं उचललं आणि निघाली.

वारुळापाशी पोचली, खुरपं उगारलं, तोच आतून फुस्स आवाज झाला. नागोबा बाहेर आला. केवढा? आवडीच्या कमरेइतका उंच उभा राहिला, फणा काढून. आणि बोलायला लागला, बरं का. म्हणाला, "काल हात जोडलेत आणि आज खुरपं घेऊन आलात? लाज नाही वाटत?"

आवडी म्हणाली, "आज पंचमी नाही. बाजूला हो."

नागोबाने खुरप्यावर नुसती फुंकर घातली. लोखंडाचा गंज झाला आणि पाती गळून पडली. आवडीच्या हातात राहिली लाकडाची मूठ. ती मूठ तिने रागाने जाळीत भिरकावली आणि दातओठ खात घरी आली.

मग तिला वाटलं, देव आहे, त्याचा मान राखायला हवा. तिने वाटीभर दूध घेतलं, लाह्या घेतल्या, हळदकुंकू घेतलं. पुन्हा वारुळापाशी गेली. गोड आवाजात म्हणाली, "नागोबा, दूध घ्या."

नागोबा आणखीनच चिडला. म्हणाला, "मी दूध पीत नाही. कधीच पीत नाही. दरवर्षी माझ्या दारात ओतून जाता, मग मुंग्या होतात, त्या माझ्या डोळ्यांत जातात. कुणी विचारलं का मला काय लागतं ते?"

आवडीचा गोड आवाज तिथेच संपला. तिने दूध बाजूला ओतलं आणि कमरेवर हात ठेवले. म्हणाली, "मला तरी कुठे हौस आहे तुला दूध पाजायची? माझ्या सासूला कड्यावरून ढकलणार आहेत. तुझ्या वारुळाचा मान राखला म्हणून तिने काल उकरलं नाही. उकरलं नाही म्हणून चुकीची अळंबी गेली. तुझ्यासाठी मरतेय ती, आणि तू मला मुंग्यांचं सांगतोस?"

नागोबाने फणा मिटला.  मग म्हणाला, "हे आधी सांगायचं. खुरपं कशाला आणलंस?"

"मला सुचलं ते आणलं," आवडी म्हणाली.

नागोबा म्हणाला, "ऐक. माझ्याकडे मणी आहे. कुठलंही विष तो शोषून घेतो. पण त्याला आधी ते विष दाखवावं लागतं. ज्या अळंबीने राणी पडली, तिचा बुडखा मला काढून दे. लोखंड लावायचं नाही, हाताने काढायचा. आणि तीनच काढायचे. हे माझं घर आहे, त्याची चाळण करू देणार नाही. तिन्हींत तो निघाला नाही, तर मी चावेन."

आवडीने खाली पाहिलं. वारुळाच्या अंगावर आणि जाळीखाली बुडखेच बुडखे. सगळे मोडलेले, सगळे पांढरे, सगळे सारखे. कुठला चांगला आणि कुठला वाईट, तिला काही कळेना. मग तिला स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांत शिकले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. आणि मग शिकवताना टोमणे मारणाऱ्या म्हातारीचाही राग आला. दोन्ही राग घेऊन ती तशीच पळत सुटली, ती थेट राजाच्या कोठडीपाशी.

गजांच्या आड कोंडाबाई गुडघे चोळत बसली होती. आवडीला बघून तिचे डोळे भरले, पण तोंडातून निघालं ते निराळंच. "आलीस? शेळीला पाणी ठेवलंस का?"

"शेळी गेली खड्ड्यात. चांगली अळंबी आणि वाईट अळंबी कशी ओळखायची, ते सांगा."

म्हातारीने कपाळावर हात मारला. "आता विचारतेस? मी गजाआड बसल्यावर? लग्न होऊन आलीस त्या पावसाळ्यापासून सांगतेय."

"तेव्हा तुम्ही सांगत नव्हता, उणीदुणी काढत होता."

"मग आता कानात तेल घालून ऐक. वारुळाच्या अळंबीच्या टोपीला मधोमध टोक असतं. दाबून बघ, टणक लागतं."

"टोप्या राणीने खाल्ल्या. टोपीचं काय सांगता?"

"सगळं सांगू दे मला. तू मध्ये बोलतेस म्हणून राहतं. टोपीखाली चुण्या असतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. चांगलीच्या चुण्यांवर पुढे गुलाबी झाक येते. वाईट असते तिच्या चुण्या पांढऱ्याफटक, शेवटपर्यंत पांढऱ्याच. आणि वाईटच्या देठाला वरच्या बाजूला झालर असते, पातळ, कड्यासारखी."

"झालरसुद्धा खाल्ली. बुडाचं सांगा, आत्याबाई. बुडखेच राहिलेत."

म्हातारीचा आवाज मग खाली आला. "बुडाशीच तर खरं आहे, पोरी. म्हणून मी उपटून घेते. वारुळाच्या अळंबीचा देठ मातीत संपत नाही. त्याचं लांबलचक मूळ खाली जातं, पार वारुळाच्या पोटात. आणि ती दुसरी असते ना, तिला मूळच नसतं. देठ खाली फुगलेला, आणि बुडाशी पातळ वाटी, अंड्याचं कवच फुटून राहावं तशी. ती वाटी मातीखाली असते. वरून मोडली की हाताला कळतच नाही." मग ती थांबली. "जाळीखालच्या मी बघितल्या नाहीत गं. शिपाई घाई करत होता."

पहारेकरी आतापर्यंत तोंड दाबून हसत होते, ते हसायचे थांबले.  आवडीने गजातून हात घातला, म्हातारीचा पदर सरळ केला आणि निघाली.

ऊन कलायला लागलं होतं. नागोबा वारुळावर वाट बघत बसला होता. आवडी जाळीखाली शिरली. काटे लागले, त्यांना शिव्या दिल्या. पहिला बुडखा दिसला तो धरला आणि बोटांनी माती सारायला लागली. माती सारतेय, सारतेय, मूळ खालीच चाललंय. कोपरापर्यंत हात गेला तरी मूळ संपेना. म्हणजे ही चांगली. जाळीखालीसुद्धा वारुळाचं पोट पसरलेलं होतं तर.

नागोबा म्हणाला, "एक गेला."

आवडीला आली घाई. तिने शेजारचाच बुडखा धरला. पुन्हा माती, पुन्हा लांब मूळ.

नागोबा म्हणाला, "दोन गेले." आणि त्याने फणा काढला.

आवडीला राग आला. नागोबाचा नव्हे. आपल्या घाईचा राग. शिपायाने घाई केली म्हणून आत्याबाई फसल्या, आणि आता मीही तेच करतेय, असं तिच्या मनात आलं. मग ती तिथेच मांडी घालून बसली. एकेका बुडख्याजवळ वाकून बघायला लागली. उपटला एकही नाही, नुसतं बोट फिरवलं. हा बारीक, हा घट्ट, हाही तसाच. मग एका बुडख्याशेजारी गवतात तिला काहीतरी सापडलं. पातळ, सुकलेलं, फाटक्या झालरीसारखं. म्हातारीने देठ मोडला तेव्हा ते कडं गळून पडलं होतं. आवडीने त्या बुडख्याच्या कडेने बोट मातीत घातलं. देठ खाली बारीक होत नव्हता, फुगत होता.

ती म्हणाली, "हा."

मग तिने हळूच माती बाजूला केली. अगदी हळू, कोंबडीखालून अंडं काढावं तसं. आणि मातीतून बुडखा वर आला. मूळ नव्हतं. बुडाशी पांढरी, पातळ, काठ फाटलेली वाटी होती.

नागोबा खाली आला. त्याने आपला मणी त्या वाटीला लावला. पांढरा मणी हिरवागार झाला आणि पुन्हा पांढरा झाला. नागोबा म्हणाला, "ओळखलं त्याने विष. राणीच्या कपाळाला लाव. आणि मणी परत आणून दे, हरवलास तर बघ."

"देते, देते," आवडी म्हणाली. पदरात एका बाजूला मणी, एका बाजूला ती वाटी, आणि धावत सुटली.

दिवस मावळतीला आला होता, म्हातारीला कड्यावर नेलंही होतं. राजवाड्याच्या दारात भालदार आडवे झाले. आवडीने तोंडाचा असा काही पट्टा सोडला, की ते बाजूलाच झाले. ती सरळ राणीच्या पलंगापाशी गेली. तिने मणी राणीच्या कपाळाला टेकवला. मणी हिरवा झाला, आणखी हिरवा झाला, शेवाळ्यासारखा काळपट झाला. आणि राणीने डोळे उघडले. पाणी मागितलं.

राजाला हर्ष झाला. त्याने गळ्यातला हार काढला आणि आवडीपुढे धरला. आवडीने हाराकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "माझी सासू आधी कड्यावरून खाली आणा. चालवत आणा, ढकलून नको."

म्हातारीला आणलं. सगळा दरबार जमला. राजा म्हणाला, "बरं, तिने विष घातलं नाही हे मला पटलं. पण चूक तिचीच आहे. चुकीला थोडीतरी शिक्षा हवी."

मग आवडीने ती वाटी राजाच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "ही बघा चूक. ही जमिनीत राहिली, कारण काल पंचमी होती. उकरलं असतं तर आत्याबाईंच्या बोटांना कळलं असतं. चिरलं असतं तरी आचाऱ्याला कदाचित काही दिसलं असतं. पंचमीच्या दिवशी अळंबी कुणी मागवली? मी मागवली?"

 आवडीचा राग मग सासूकडे वळला. "आणि तुम्ही. तुम्हाला नाही म्हणायला काय झालं होतं?"

कोंडाबाई म्हणाली, "म्हटलं होतं गं. उद्या या म्हटलं. शिपाई म्हणाला, आज अळंबी आली नाही, तर उद्या तुझं डोकं न्यायला येतो."

राजाने शिपायाकडे डोळे वटारून पाहिलं. शिपायाची पाचावर धारण बसली. तो म्हणाला, "महाराज, मला कारभाऱ्यांनी तसंच सांगितलं. अळंबी आली नाही तर तुझं डोकं येईल."

राजाने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी खाली मान घालून उभा राहिला. त्याला काही बोलायची गरजच पडली नाही. ते वाक्य राजाचं होतं. काल सकाळी दात घासता घासता तो सहज बोलून गेला होता, आणि दात घासून झाल्यावर विसरलाही होता.

राजा सिंहासनावरून उतरला. पायरीवर बसला. म्हातारीला म्हणाला, "आजी, ते माझंच बोलणं. डोकं तुमचं जाणार होतं."  म्हातारीला उभं राहवत नव्हतं, ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

मग राजा आवडीला म्हणाला, "तू आता इथेच राहा. राजवाड्यात येणारी प्रत्येक अळंबी तू तपासायची. उद्यापासून कामाला लाग."

आवडी म्हणाली, "नाही."

सगळा दरबार श्वास धरून उभा. त्या दरबारात राजाच्या तोंडावर 'नाही' कुणी म्हटलंच नव्हतं. राजाचं नाक लाल झालं, कान लाल झाले, ओठ थरथरले. कारभाऱ्याने आपली मान चाचपली. राजाने आवंढा गिळला. एकदा गिळला, पुन्हा गिळला. आणि मग म्हणाला, "बरं."

बस. एवढंच म्हणाला. पण त्या दिवसापासून त्या राज्यात माणसं 'नाही' म्हणायला शिकली. आचारी म्हणायला लागला, शिपाई म्हणायला लागला, राणी तर रोज म्हणायला लागली. राजाला दरवेळी राग यायचा, दरवेळी तो गिळायचा. पुढे पुढे सवय झाली.

आवडीने नागोबाचा मणी परत दिला. मग दोघी घरी गेल्या, वाटेत दोनदा भांडल्या. पण दुसऱ्या दिवशी आवडी म्हातारीबरोबर रानात गेली आणि टोमणे ऐकत ऐकत शिकली. अर्धी शिकली, म्हणजे काय, तर जी ओळखता येत नाही तिला हात लावायचा नाही, एवढं पक्कं शिकली. तुम्हीसुद्धा लावायचा नाही, कळलं का? रानात दिसली छत्री की घातली तोंडात, असं केलंत तर मी आवडीपेक्षा वाईट आहे.

राजा सुखात राहिला, राणी सुखात राहिली, सासू-सुना भांडत भांडत सुखात राहिल्या आणि नागोबा मुंग्यांवाचून सुखात राहिला. आता गोष्ट निजली, तुम्हीही निजा. पाणी नको, आणखी एक नको, काही नको. डोळे मिटा.